धुतलेले ढबू

“हे माझे न्हाईतच हो, गुरुजी. माझे असल होते. हिनं बदलले.”

मी नांदेडच्या बसमधून उतरून फाटकाच्या आत आले होते. बॅग अजून खांद्यावरच होती. अण्णा, माझे वडील, ओट्यावर बसले होते आणि शेजारचे निवृत्त गुरुजी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून. दोघांच्या मध्ये स्टुलावर पत्र्याचा डबा उघडा होता. गुरुजींनी त्यातलं एक नाणं उचलून उन्हाकडे धरलं.

“तुमचेच हायत की. चष्मा पुसा जरा.”

“चष्मा बी बदलला असंल तिनं.”

गुरुजी हसले. मीही हसले असते, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत आई झारा हातात धरून उभी होती. दिवाळी तोंडावर आलेली, शेवेचा घाणा कढईत होता, मागे तेलाचा धूर व्हायला लागला होता, आणि ती तिथून हलत नव्हती. बदलले म्हणून ज्या ‘हिचं’ नाव निघत होतं, ती हीच.

लातूरच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नुसतं घ्यायला येत नाही, द्यायलाही येतं. फुटका हंडा, चेपलेली घागर, बूड गेलेला बंब, हे सगळं वजनावर घ्यायचं आणि त्या बदल्यात नवं द्यायचं. त्याला मोड म्हणतात. निलंग्याकडच्या, औशाकडच्या बायका पोत्यात मोड घेऊन यायच्या आणि पोतं उलटं केलं की कधीकधी तळाशी जुने तांब्याचे पैसे निघायचे. निजामाच्या वेळचे ढबू, जाडजूड, वाकडेतिकडे, वरची फारसी अक्षरं अर्धी कापली गेलेली. एखादी शिवराई. एखादा भोकाचा पैसा. तांबं म्हणून तेही मोडीतच जायचं. पण अण्णांना एखादा आवडला की ते तो खिशात टाकायचे. विकायचा विचार त्यांनी कधी केला नाही. नाण्यावर काय लिहिलंय हेही त्यांनी कुणाला वाचायला सांगितलं नाही. त्यांना त्याचा रंग आवडायचा.

दिवसभर झळाळतं तांबं विकणारा माणूस दुपारी जेवायला घरी आला की हे काळे-करडे पैसे वर्तमानपत्रावर मांडून बसायचा. त्यांना त्यांनी बैलांसारखी नावं ठेवली होती. एक जांभळ्या. एक खजुऱ्या. एक काळ्या. एकाच्या कडेला हिरवी झाक होती, तो पोपट. शाळेतून आले की मी शेजारी बसायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे मी गप्प बसायचे, आणि घरी आल्यावरही बोलायची सवय उरायची नाही. अण्णांना ते चालायचं. ते एक-एक पैसा माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बघ.” बस, एवढंच. मी बघत होते असं मला वाटायचं.

अलीकडे त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी भाव विसरले, मग गिऱ्हाइकांची नावं, मग दुकानातून घरी यायचा रस्ता. दुकान बंद केलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं की त्यांच्याशी वाद घालू नका. मी नांदेडला एका दवाखान्यात रिपोर्ट टाईप करते, ते नाव मी कितीदा टाईप केलं असेल. त्याचा काही उपयोग झाला नाही. आई त्याला ‘ह्यांचं ते’ म्हणते. अण्णा मला कधी ओळखतात, कधी ‘ही कोण आलीय’ म्हणून आईला विचारतात. डबा उघडला की मात्र सगळी नावं तोंडपाठ.

आणि तो डबा आईने धुतला.

तिची काही चूक होती असं मला आजही म्हणवत नाही. दिवाळीच्या आधी आमच्याकडे तांब्या-पितळेचं सगळं निघतं. चिंच भिजवायची, मीठ घ्यायचं, रांगोळीच्या पुडीने घासायचं, आणि उन्हात पालथं घालायचं. भांडीवाल्याची बायको म्हणून तिचा जन्म त्यात गेला. दुकानात मांडायचा माल ती घरी घासून द्यायची. काळं पडलेलं तांबं तिच्या डोळ्यांना खुपतं. “भांडीवाल्याच्या घरी असं तांबं? लोक काय म्हणतील!” हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी अण्णा झोपले होते. घासायचं सगळं घासून झालं होतं, वाटीत चिंच उरली होती. तिला वाटलं, बिचारे रोज त्या कळकट पैशांशी खेळतात, आज उठल्यावर चमकताना बघतील, खूश होतील.

अण्णा उठले. त्यांनी डबा उघडला. आत मूठभर गुलाबी, कोरे, सगळे एकसारखे तुकडे होते.

त्यांना ते ओळखू आले नाहीत. आणि जे ओळखू येत नाही ते कुणीतरी आणून ठेवलेलं असणार, म्हणजे जे आपलं होतं ते कुणीतरी नेलं असणार. घरात दुसरं कोण होतं? आईच. आणि तिने नेलं तर देणार कुणाला? निलंग्याच्या भावाला. एवढं विसरलेल्या माणसाने हे मात्र सरळ रेषेत जोडलं.

मी आल्यावर पहिल्या दिवशी डॉक्टरांचं न ऐकता वाद घातला. त्यांना कापलेली अक्षरं दाखवली, भोक दाखवलं. “अण्णा, बघा ना, हा तोच आहे, नुसता धुतलाय.”

“धुतलाय म्हणं,” ते म्हणाले. “तू कुठली? निलंग्याची का?”

मी डबा मिटला.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी आईने वाढलेलं ताट सरकवलं. मी तेच ताट उचलून आत नेलं, परत आणलं, तेव्हा जेवले. गोळ्यांचंही तसंच. आई दोन हातांनी कपाळ धरून चुलीकडच्या भिंतीला टेकून बसली होती. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. त्याऐवजी मी मोबाईलवर वाचत बसले. तांब्यावर वर्षानुवर्षं जो रंग चढतो त्याला इंग्रजीत पॅटिना म्हणतात, तो एकदा घालवला की घालवला, जुनी नाणी कधीही धुवू नयेत, असं जगभरचे लोक एकमेकांना बजावत होते. मला त्याचा मराठी शब्द माहीत नव्हता. आईला विचारलं.

“कळंक,” ती म्हणाली. “ताक ठेवलं तांब्याच्या भांड्यात की कळकतं ना, तो. तो काढला मी अन् माझ्यावरच आला.”

मग तीच हसली, जरा वेळ, आणि हसणं थांबवताना तिला त्रास झाला.

त्याच लोकांनी परत रंग चढवायच्या युक्त्याही लिहून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट, गंधक. सर्वांत सोपी आणि हळुवार पद्धत अशी की अंडं उकडायचं, गरम असताना कापायचं आणि नाण्यांसोबत डब्यात बंद करून ठेवायचं. अंड्यातून निघणाऱ्या वाफेत गंधक असतं, ते तांब्याला काळं करतं. हे वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. आमच्या लिंगायत घरात अंडं येत नाही. गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या माझ्या आईने अंड्याची टरफलं रस्त्यावर दिसली तरी वाट बदललेली मी पाहिलीय. अण्णांचे पैसे अंड्याने बरे होतील, हे मी त्या घरात विचारातसुद्धा आणू शकत नव्हते.

म्हणून गंधकच आणलं. शेतीच्या औषधांच्या दुकानात फवारणीसाठी मिळतं. दुकानदाराने विचारलं, “ताई, द्राक्ष हाय का तुमचं?” मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. पानाचा चुना आणि गंधक परसात एका जुन्या डब्यात उकळलं. लालसर पिवळं पाणी झालं. वास इतका सुटला की गुरुजींची बायको भिंतीवरून डोकावली.

“काय गं, काय जळालं?”

“काही नाही काकू. ढेकणाचं औषध.”

“दिवाळीत?”

मी त्या पाण्यात एकच पैसा सोडला, अण्णांच्या आवडीचा नसलेला. तो डोळ्यांदेखत काळा झाला. आनंदाने मी तो पाण्यात धुतला, अंगठ्याने चोळला, आणि काळं सालपटासारखं निघून आलं. खाली पुन्हा तोच गुलाबी रंग, आता डागाळलेला. मी पाणी नालीत ओतलं.

भाऊबीजेला मामा आले. निलंग्याहून, मोटारसायकलवर, मागे भाजीची पिशवी बांधून. आईने त्यांना फोनवर काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार?

“शरणार्थ, दाजी!” मामा ओट्यावर चढत म्हणाले.

अण्णांनी त्यांना बरोबर ओळखलं. “पाव्हणं, माझे ढबू आणले का?”

मामा थट्टेखोर माणूस. “आणले की! शेतातले हायत, ताजे. भाजी करा म्हणावं ताईला.” आणि त्यांनी पिशवीतून खरंच ढबू मिरची काढून अण्णांपुढे धरली.

अण्णांनी ती मिरची हातातून उडवली. मग मामांची पिशवी ओढली आणि ओट्यावर पालथी केली. मिरच्या गडगडत फाटकापर्यंत गेल्या. तळातून आईसाठी आणलेली साडी निघाली. अण्णांनी तिची घडी मोडली, झटकली, पुन्हा झटकली. मामांच्या खिशाला हात घातला. मामा हात वर करून उभे राहिले, सरकारी माणसाने अडवल्यासारखे, आणि आईकडे बघायला लागले.

आई आरतीचं ताट घेऊन दारात आलेली होती. तिने ओवाळलं. मामा जेवायला थांबले नाहीत. “शेतात पाणी चालू ठिवून आलो ताई,” म्हणाले. साडीची घडी त्यांनी स्वतः घातली आणि कट्ट्यावर ठेवली. ते गेल्यावर आई रस्त्यावर जाऊन मिरच्या गोळा करून आली.

“मी जाऊ का गं थोडे दिवस निलंग्याला?” तिने मला विचारलं. आणि माझ्या उत्तराआधीच म्हणाली, “न्हाई. गेले तर मग खरंच झालं.”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी डबा परसात भिरकावला. “उचल तुझे खोटे,” आईला म्हणाले. पैसे नारळाखाली, कपडे धुवायच्या दगडामागे विखुरले. आईने ते वेचायला हात लावला नाही. मी वेचले, रुमालात बांधले, आणि सुट्टी संपली म्हणून नांदेडची बस धरली. फाटकापाशी आई म्हणाली, “गुरुजींच्या बायकोला सांगितलंय. ती ताट आणून देईल. तिच्या हातचं खातील.” जरा थांबून म्हणाली, “पण ती तरी किती दिवस आणंल?”

अहमदपूरपर्यंत मला उभं राहावं लागलं. रुमालाची गाठ पर्समध्ये जड लागत होती. बाजूच्या बाईने विचारलं, कुठं उतरणार, तर मला उत्तर देता आलं नाही. तिने मला मुकी समजून खुणेने खिडकीकडची जागा दिली.

जुन्या नांदेडातल्या एका गल्लीत जुनी नाणी, नोटा, खडे विकणारा एक माणूस बसतो हे मला दवाखान्यातून कळलं होतं. मी त्याच्यापुढे रुमाल सोडला.

“अल्लाऽ! आंघोळ घातली का याला?” तो मोठ्याने हसला. “साबण कोणता लावला बाई?”

मी म्हटलं, रंग परत आणता येईल का.

“कलर? देतो ना. कोणता पाहिजे? चॉकलेट, काळा, हिरवा, बोला.” त्याने एक ट्रे पुढे केला. त्यातली सगळी नाणी चॉकलेटी होती, एका सुरात, जणू एकाच बरणीत बुडवून काढलेली. दुसऱ्या ट्रेमध्ये हिरवी. त्यातून नवसागराचा उग्र वास येत होता. “जमिनीतून निघालेले वाटतात की न्हाई? पंधरवड्यात देतो. सगळे एकदम.”

“प्रत्येकाचा वेगळा होता,” मी म्हटलं.

“वेगळा कुणाला कळतंय? विकायचे कुणाला?”

“विकायचे नाहीत.”

“मग?” त्याला खरंच नवल वाटलं होतं. “विकायचे न्हाईत, तर फसवायचं कुणाला?”

मी रुमाल बांधला. पंधरवडा अण्णा शेजारणीच्या ताटावर राहणार नव्हते. आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.

खोलीवर माझ्यासोबत देगलूरची एक मुलगी राहते. तीही दवाखान्यातच, रक्त तपासण्याच्या विभागात. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. घरचं बाहेर सांगत नाही मी. मी नुसतं विचारलं, “तुझी अंडी आहेत ना? मला दोन उकडून देशील?”

तिने हातातला कंगवा खाली ठेवला. “तू? अय्यो! लिंगायताची पोरगी अंडं खाऊन राहिली! थांब, मीठ-मिरची लावून देते, पहिलंच हाय.”

“खायचं नाहीये.”

“मग केसाला लावतीस का? केसाला कच्चं लावत्यात बाई.”

मी रुमाल सोडून दाखवला आणि सांगायला लागले. सांगता सांगता ताटापर्यंत आले, भाऊबीजेपर्यंत आले. ती उठली आणि तिने पातेल्यात पाणी ठेवलं.

प्लॅस्टिकचा घट्ट झाकणाचा डबा घेतला. अंडी गरम असतानाच कापली. नाण्यांना चिकटू नयेत म्हणून अंडी एका पालथ्या वाटीच्या बुडावर ठेवली. वास सुटला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. ती डब्यावर डोळा ठेवून बसली. “अगं, बदलून राहिलंय,” ती ओरडली.

गुलाबी तांबं आधी केशरी होत गेलं. मग एकदम त्यावर जांभळी झाक आली. मी झाकण उघडून त्यातला एक काढून घेतला, फडक्याने टिपला. जांभळ्या. बाकीचे आत. पुढे ते निळसर झाले, मग राखाडी, मग तपकिरी. किती तपकिरी झाला म्हणजे खजुऱ्या? इथे मी अडकले. एवढी वर्षं दुपारी माझ्या तळहातावर ठेवलेला पैसा, “बघ” म्हणून. मला तो आठवत नव्हता. रंगाचं नाव आठवत होतं, रंग आठवत नव्हता. मोबाईलमध्ये शोधलं तर एकच फोटो मिळाला. अण्णांच्या हाताचा. नखाला झालेली इजा डॉक्टरांना दाखवायला काढलेला. मुठीतून पैशांच्या कडा डोकावत होत्या. तो फोटो मोठा करून करून मी एक-एक पैसा डब्यातून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. एक फारच काळा पडला, त्याला थोडं घासून उजळ केलं, पुन्हा आत ठेवलं. मैत्रिणीची सगळी अंडी संपली. तिने खाली जाऊन आणखी आणली. दुकानदाराने तिला विचारलं म्हणे, केक करताय का.

पोपटाची हिरवी कड मला जमली नाही. मीठ आणि नवसागर लावून ठेवलं तर हिरवं आलं, पण पावडरीसारखं, फुंकर मारली की उडणारं. तरी ठेवलं तसंच. शेवटी सगळ्यांना बोटाने खोबरेल तेल लावलं. वास जावा म्हणून आणि रंग बसावा म्हणून. या सगळ्या दिवसांत आईचा फोन आला की मी एकच विचारायचे, जेवले का. ती म्हणायची, थोडं. एकदा म्हणाली, आज शेजारणीलाही म्हणाले, तू तिची माणूस हायेस.

रविवारी मी लातूरला पोचले. आईने दार उघडलं. ती इतकी वाळली होती की ब्लाऊजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. तिने रुमालाकडे बघितलं, पण कसं केलंस हे विचारलं नाही. बरं झालं विचारलं नाही. अण्णा ओट्यावर होते. दाढी वाढलेली. मी वर्तमानपत्र पसरलं, पैसे पत्र्याच्या डब्यात भरून तो त्यावर ठेवला, आणि बाजूला झाले.

त्यांनी डबा लगेच उघडला नाही. मग उघडला. सगळ्यात वर जांभळ्या होता. तो त्यांनी उचलला, अंगठा फिरवला, नाकाशी नेला.

“जांभळ्या,” ते म्हणाले.

मग खाली बघून म्हणाले, “खजुऱ्या.” तो वर्तमानपत्रावर ठेवला. “काळ्या. ये.” ते एक-एक काढून मांडत होते, पूर्वीसारखे, रांगेने. पोपटापाशी थांबले. बोटाला हिरवी पावडर लागली. “ह्यो जरा आजारी दिसतो,” म्हणाले, आणि त्यालाही रांगेत ठेवलं.

मी दाराकडे बघितलं. आई उंबऱ्यात आली होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळ्या. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर आली होती. तिचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, झालं. मला खरंच वाटलं.

“सापडले का हो?” आई म्हणाली.

अण्णांनी वर बघितलं. रागावलेले नव्हते. समाधानात होते.

“सापडले न्हाईत. आणून ठिवलेत,” ते म्हणाले. “भ्याली. लोकांत बोभाटा झाला तशी भ्याली. गपचीप भावाकडनं परत आणले अन् ठिवले.” त्यांनी जांभळ्यावर बोट ठेवलं. “हे असल हायत. मग ते खोटे कुठून आलते? सांग की. मी येडा हाय व्हय?”

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. सुरुवातीचे दिवस ती बोलत होती, शपथा घेत होती, रडत होती. आता तिच्याकडे काही उरलं नव्हतं. पैसे गुलाबी होते तोवर निदान कधीतरी त्यांना पटेल अशी आशा होती. मी रंग चढवून आणला आणि चोरी शाबीत झाली.

अण्णा माझ्याकडे वळले. मला ओळखलं नव्हतं. पण आवाजात आदर होता, दुकानात चांगल्या गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा.

“तू भली पोरगी दिसतीस,” ते म्हणाले. “एक कुलूप आणून दे बघ डब्याला. ह्या बाईचा हात पोचतो इथं.”

आई वळून आत जायला लागली. तिची पाठ दिसत होती, मुठीत गोळ्या अजून तशाच. ती आत गेली असती तर मग कधी त्यांच्यासमोर आली नसती, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं.

“अण्णा,” मी म्हटलं. “आईनं नाही. मी नेले होते.”

खोटं नव्हतं ते. मी नेलेच होते. तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं.

“काय?” त्यांनी कानामागे हात धरला. “नेले म्हंजी? कशाला नेले? कुणी सांगितलं, हिनं का?”

आई थांबली होती. गुरुजी त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनीही पेपर खाली केला. अण्णा माझ्याकडे बघत होते, अजून भल्या पोरीकडे बघावं तसं. मी ओट्याच्या खांबाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या माहितीत पहिल्यांदाच तशा आवाजात म्हटलं,

“कुणी नाही सांगितलं. चोरले होते. तुमचे पैसे मी चोरले होते, अण्णा. आईनं नाही.”